डोमाजीची बोटं

२ जानेवारी १९८९

मुलाखती! आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये — मुलाखती!

एकवीस वर्षं या फाटकाच्या आत मुनशी म्हणून बसतोय. इथे माणूस ठेवायची रीत एकच होती. थोरले शेठ खुर्चीतून वर बघायचे, "किसका लडका है?" विचारायचे आणि उत्तर पसंत पडलं तर मान हलायची. माझ्या वेळी मानसुद्धा हलली नव्हती, शेठ नुसते शिंकले होते. मी तीच मंजुरी समजून बसलो, तो अजून उठलेलो नाही.

थोरले शेठ गेले. धाकटे शेठ हैदराबादहून तीन महिन्यांचा मॅनेजमेंटचा कोर्स करून आलेत. आज सकाळी सगळ्या ऑफिसला, म्हणजे मला आणि टेबलफॅनला, समोर घेऊन म्हणाले, "नागनाथजी, अब प्रोफेशनल होना पडेगा."

प्रोफेशनल म्हणजे असं — डोमाजी ग्रेडर साठ वर्षांचा झाला. सव्वीस जानेवारीला झेंड्यासमोर त्याला 'उत्कृष्ट कामगार' म्हणून मनगटी घड्याळ द्यायचं आणि घरी पाठवायचं. त्याच्या जागेसाठी जाहिरात, अर्ज, मुलाखत. मंडळात तिघं: शेठ, डोमाजी, मी. व्यक्तिमत्त्वाला दहा गुण, संभाषणाला दहा, अनुभवाला दहा.

संभाषणाला दहा! ग्रेडरनं कापसाशी बोलायचंय की काय?

आणि डोमाजीची जागा म्हणजे काही फाटकावरच्या वॉचमनची नाही. शेतकऱ्याची बैलबंडी आत आली की तो चिमूटभर कापूस घेतो, बोटांत ओढून तार, म्हणजे धाग्याची लांबी, बघतो, डोळे मिटतो आणि ओरडतो — एक नंबर! दोन नंबर! तीन नंबर! त्यावर भाव ठरतो. कचरा कोणालाही दिसतो हो. ओल आणि तार मात्र बोटांनाच कळते. भीमपूरपासून नेरडीगोंड्यापर्यंतचे शेतकरी बायकोशी भांडतील, तलाठ्याशी भांडतील, डोमाजीच्या नंबराशी कोणी भांडलेलं मी पाहिलं नाही.

५ जानेवारी

अर्ज यायला लागले. जुनी लाल शाईची दौत धुऊन काढली. शेरे मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे मी लिहायचं नाही, पण ही वही तर मीच वाचतो.

उटनूरकडचे एक गृहस्थ: "मी कोणतेही काम करू शकतो." शेरा — 'म्हणजे अद्याप कोणतेच केलेले नाही.'

दुसऱ्यानं धावण्याच्या शर्यतीचं प्रमाणपत्र जोडलंय. शेरा — 'कापूस पळून गेल्यास बोलावू.'

भीमपूरच्या पांडुरंगरावांचा भाचा, खुशाल. अर्ज दोन ओळींचा, मामांचं शिफारसपत्र चार पानांचं. शेरा — 'मामांनाच नेमावे.' (पांडुरंगरावांच्या शब्दावर शंभरेक बंड्या आमच्याकडे येतात. हा शेरा शेठच्या नजरेस पडण्याआधी खोडला.)

थोरले शेठ असते तर! दुपारच्या चहाला मला आत बोलवायचे, "मुनशी, आज काय लिहिलं?" मी वाचायचो. हसता हसता त्यांची बशी लवंडायची, मॅनेजर नागोराव टाळी द्यायचा. नागोरावही गेला. आता टाळी द्यायला कोणी नाही. घरी जयवंताला वाचून दाखवले. ती भाकरी उलथत म्हणाली, "तुमच्या जिभेले धार हाये, मूठ नाई. एक दिवस तुमचाच हात कापन."

बायकोला विनोद कळत नाही.

६ जानेवारी

मी अजून सावरलो नाही.

दुपारी वजनकाट्यापाशी डोमाजीशी बोलत उभा होतो. त्याच्या हातात बिडी. तो आपला थोरल्या शेठच्या वेळच्या गोष्टी सांगत होता. मला वास आला — केस जळाल्यासारखा. आधी वाटलं, रुईला आग! इकडेतिकडे पाहिलं. मग त्याच्या हाताकडे. बिडी संपून विस्तव बोटाला लागला होता. कातडी जळत होती. आणि तो बोलतोच आहे!

"काका! बोट!"

त्यानं बोटाकडे पाहिलं — शेजाऱ्याचं बोट असावं तसं. बिडी टाकली, हसला. "थंडी किती पडून राह्यली बाप्पा. बधिर होते."

दुपारचं ऊन होतं. मी स्वेटर काढून ठेवला होता.

७ जानेवारी

असं करायला नको होतं, पण केलं. उकळत्या चहाचा काचेचा ग्लास रुमालात धरून डोमाजीकडे नेला आणि नुसता ग्लास त्याच्या हातात दिला. पाचही बोटांनी धरून तो चहा निवेपर्यंत बसला. हाय नाही, हुई नाही.

हीच ती बोटं. अख्ख्या तालुक्याचा भाव याच बोटांवर चालतो.

९ जानेवारी

आज फाटकाबाहेर चाळीस बंड्या उभ्या, आणि डोमाजी म्हणतो, "आज अमावस्या हाये. आज माल पारखत नाई." शेतकऱ्यांनी निमूट बैल सोडले. डोमाजीकाका म्हणतात म्हणजे असेल.

अमावस्या परवाच झाली! भिंतीवरचं कॅलेंडर माझ्या समोर टांगलेलं आहे.

मग आठवलं — आज पंचफुला आलेली नाही. बहिणीकडे नेरडीगोंड्याला गेलीय. पंचफुला म्हणजे आमच्याच वस्तीतली. माझी माय आणि तिची सासू एका रानात कापूस वेचायच्या. मस्टरवर ती 'मजूर, स्त्री' आहे. तिचं काम बंडीवर चढून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि तळाचा कापूस मूठभर काढून डोमाजीला द्यायचा. वरून पांढराशुभ्र रचून खाली ओला दडपायची कला आमच्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावी लागत नाही.

मुनशी माणूस. दुसरं काय येतं? जुनी मस्टरं काढली.

गेल्या हंगामात पंचफुला अकरा दिवस गैरहजर. त्या अकरा दिवसांत डोमाजी कधी 'रजा', कधी 'पोटदुखी', दोनदा 'अमावस्या', एकदा 'ग्रहण'. त्याच्या आदल्या वर्षी ती नऊ दिवस. तो नऊ दिवस. मागे जात राहिलो. नऊ वर्षं! ती नाही त्या दिवशी यानं एका बंडीला हात लावलेला नाही. आणि या सगळ्या नोंदी माझ्याच हातच्या. मीच लिहिलंय 'ग्रहण'!

आधी मनात जे आलं ते इथे लिहीत नाही. तिचे केस पिकलेत, तो साठीचा. पण माणसाचं मन म्हणजे पारावर बसलेलं रिकामं माणूस — त्याला एकच गोष्ट सुचते.

१० जानेवारी

खिडकीतून पाहिलं. सकाळपासून तेवढंच केलं.

बंडी आली. पंचफुला चढली, हात घातला, मूठ काढली, खाली उतरली, डोमाजीच्या हातात दिली. मग हाताला चिकटलेली पत्ती झाडायला दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले. एकदा. डोमाजीनं चिमूट ओढली, डोळे मिटले. "एक नंबर!"

दुसरी बंडी. तळवे दोनदा. "दोन नंबर!"

पाचवी बंडी. तिनं तीनदा झटकले, पटपटपट. डोमाजीनं डोळे मिटले, मान खेदानं हलवली. "तीन नंबर! खाली ओल हाये, बाप्पा!"

शेतकरी ओशाळला. "काकाले फसवता येत नाई."

मी खुर्चीवर बसलो. अठरा बंड्या मोजल्या. एकदाही चूक नाही. अख्खं अंगण हात झटकत असतं — सगळ्याच बाया झटकतात — त्यात कोण ऐकणार?

मी! मी ऐकायला हवं होतं. नऊ वर्षं माझं टेबल या खिडकीशीच आहे. जगाच्या खोड्या काढणारा हा शहाणा, आणि नाकासमोरचं दिसलं नाही.

११ जानेवारी

पंचफुलाला रुईच्या गंजीमागे गाठलं.

"पंचफुलाबाई, नंबर कोण देतं?"

"डोमाजीकाका."

"आणि हात कोण झटकतं?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, तुमी कोनाले सांगतलं का?"

"अजून नाही."

"नका सांगू. मानसाची अब्रू हाये. त्याईले साखरेची बिमारी हाये. पयले एक बोट गेलं, मंग दुसरं. रडे तो मानूस गंजीमागं. असा इथंच उभा राहून रडे."

"पण तुला कसं कळतं? तार, ओल —"

"काऊन नाई कळनार? आठ वर्साची होती तवापासून वेचून राह्यली." माझ्याकडे असं पाहिलं की मीच बिनडोक. "तुमची मायबी सांगे नुसता हात लावून. ईचारा."

माय जाऊन बारा वर्षं झाली. मी कधी विचारलं नाही.

"मग उघड का नाही सांगितलं? थोरल्या शेठला?"

"सांगतलं होतं." ती टोपलं उचलायला वाकली. "दरखास्त देल्ली होती. हसले."

"कोण हसलं?"

"जाऊ द्या नं भाऊ. सारेच हसले."

थोरले शेठ! माणूस तसा वाईट नव्हता, पण हसायचा फार.

१४ जानेवारी

संक्रांत. डोमाजीनं घरी येऊन जळक्या बोटांनी तिळगूळ दिला. "गोड बोला, मुनशी." मला! जयवंता तोंडाला पदर लावून हसली.

१६ जानेवारी

ठरवलं. पंचफुलानं मुलाखतीला बसायचं. डोमाजीचं गुपित गुपितच राहील, तो घड्याळ घेऊन मानानं जाईल आणि जागा तिला मिळेल. कोणाचं काही बिघडत नाही. एवढा सरळ विचार माझ्या डोक्यात आला याचं मलाच नवल वाटलं.

तिला सांगितलं तर म्हणते, "पुन्यांदा कागुद? नको."

"या वेळी कागद मी लिहितो. बघतो कोण हसतं!"

ती हसली. वेगळंच हसली. "तुमी लिवता? बरं. लिवा."

माझ्या सर्वात सुरेख अक्षरात लिहिला. अंगठा घेतला. शेठसमोर ठेवला. मला वाटलं भडकतील. तर खूश! "लेडीज कॅन्डिडेट! बहुत मॉडर्न!" त्यांच्या कोर्सात असं काही शिकवलं असावं.

१९ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवतो.

शेठनं परीक्षा काढली: कापसाची दहा पाकिटं, उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी, नुसत्या बोटांनी नंबर सांगायचा. पाकिटं काल पंचफुलानंच वेगवेगळ्या बंड्यांतून भरून आणली होती — मजूर म्हणून. ती उमेदवारही आहे हे शेठच्या तेव्हा ध्यानातच नव्हतं. उत्तरं डोमाजीनं सांगितली, मी लिहून घेतली. तो सांगत असताना ती दाराशी हात झटकत होती.

उमेदवार तीनच आले. पहिला शर्यतवाला. दहात दोन. घाम पुसत गेला.

दुसरा खुशाल. टेरिकॉटची पँट, अत्तर. मामा पांडुरंगराव बाहेर व्हरांड्यात खुर्ची घेऊन बसलेले. संभाषणात दहापैकी दहा! पट्टी बांधली, दहात चार. पट्टी सोडून म्हणतो, "उत्तरंच चुकीची असतील तं? ज्यानं पेपर काढला, त्याले तरी येते का, पाहू द्या. काकाले बांधा पट्टी."

शेठ उत्साहात. "फेअर है! डोमाजीकाका, करून दाखवा."

डोमाजीचा चेहरा रुईसारखा झाला. मी घसा खाकरून गुणपत्रक चाळायला लागलो.

तेवढ्यात व्हरांड्याच्या पायरीवर बसलेली पंचफुला उठून आत आली. "शेठ, पाकिटं म्या बांधले. म्याच सोडते. तुमच्यानं सांडन."

डोमाजीच्या डोळ्यांवर पट्टी. त्याच्या मेल्या बोटांत पहिली चिमूट. ती मागे सरली आणि हात झटकले.

एकदा.

"एक नंबर," डोमाजी.

दोनदा. तीनदा. एकदा. प्रत्येक वेळी माझ्या पाठीत तो आवाज बंदुकीसारखा वाजत होता, आणि बाकी कोणालाच ऐकू येत नव्हता! खुशाल बोटांकडे बघतोय, शेठ बोटांकडे बघतायत, पांडुरंगराव खिडकीतून बोटांकडे बघतायत. दहापैकी दहा. शेठनं टाळ्या वाजवल्या. "इसको बोलते हैं एक्सपीरियन्स!"

पट्टी सोडली तेव्हा ती ओली होती. घाम म्हणाला तो.

मग तिची पाळी. या वेळी पाकिटं मी क्रम बदलून सोडली. पट्टीखाली तिचा चेहरा एकदम शांत, पोथी ऐकायला बसल्यासारखा.

"एक नंबर. दोन. हा तीन नंबर — भिजोला होता, मंग वाळोला. हा पयल्या वेचनीचा, एक नंबर. हा भीमपूरकडच्या काळ्या रानातला." थांबली. "हा चंपतरावच्या बंडीचा. त्याच्यात सरकी जास्त निंगते."

दहापैकी दहा. वर गाव. वर शेतकऱ्याचं नाव!

शेठचा चहा निवून त्यावर साय धरली. "मिरॅकल," एवढंच म्हणाले. मी गुणपत्रक पुढे सरकवलं. पेन हातात दिलं. आता सही करतील, आता —

शेठनं खिडकीबाहेर पांडुरंगरावांकडे पाहिलं. पेन ठेवलं.

निकाल: ग्रेडर — खुशाल.

"नागनाथजी, बाई के बोल पे भाव? किसान मानेंगे नहीं. और पांडुरंगराव की सौ बंडी..." मग एकदम चेहरा उजळला. "लेकिन टॅलेंट वेस्ट नहीं करेंगे! तिला दुसरं बक्षीस देऊ — प्रोत्साहनपर. स्टीलचा डबा, नाव कोरून. आणि ती खुशालच्या बाजूला उभी राहील. माल काढून देईल. तो शिकेल."

म्हणजे पुन्हा हात झटकायचे. हात चालतील तोवर. एका नव्या माणसासाठी.

मी पंचफुलाला सांगायला गेलो. ती म्हणाली, "डबा झाकनाचा हाये का?"

२० जानेवारी

काही लिहावंसं वाटत नाही. आज एकाही अर्जावर शेरा मारला नाही.

२६ जानेवारी

हे मी पाहिलं. हे मी या कानांनी ऐकलं.

अंगणात झेंडा, रांगोळी, भाड्याचा माईक. बंड्या घेऊन आलेले शेतकरीही थांबलेले — शे-दीडशे माणूस. खुशालच्या गळ्यात हार, हातात नेमणुकीचं पत्र. पंचफुलाला डबा दिला. झाकणाचा आहे. नाव कोरलंय, 'पंचफूला', ऱ्हस्व-दीर्घाचं खापर दुकानदारावर.

मग डोमाजी. शाल, नारळ, घड्याळ. शेठनं स्वतः मनगटाला बांधलं आणि हौसेनं म्हणाले, "काका, चावी भरा! सबके सामने! आपका टाइम शुरू!"

डोमाजीनं ती बारकी चावी चिमटीत धरायला बोट नेलं. सुटली. पुन्हा नेलं. सुटली. तिसऱ्यांदा बोट घड्याळाच्या काचेवरच फिरत राहिलं. लोक वाट बघतायत. कोणीतरी हसलं. शेठ मदतीला पुढे झाले.

डोमाजीनं हात मागे घेतला आणि माईक धरला. दोन्ही हातांनी, दांडका धरावा तसा.

"शेठ, हे घड्याळ मले चालत नाई. चाबी भराले बोटं लागते. माह्या बोटाले नऊ सालापासून काई समजत नाई."

झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

"नंबर म्या ओरडे. पारखे हे पंचफुला. ते हात झटके, म्या बोंबले. मांगच्या हप्त्यात मुलाखतीतबी तेच केलं. मले बक्षीस नाई, जोडे मारा."

शेठचा चेहरा — लिहिता येत नाही. खुशालनं गळ्यातला हार काढला, मग पुन्हा घातला. कुठे ठेवावा कळेना. मला वाटलं, आता दगड येणार. नऊ वर्षांचा भाव! शेतकरी आता वखारच जाळतात!

भीमपूरचे चंपतराव उठले. धिप्पाड माणूस, हातात बैल हाकायची तुतारी. "म्हंजे काका, नऊ साल आमचा माल या बाईनं पारखला?"

"हाव."

चंपतराव पंचफुलाकडे वळले. ती डबा छातीशी धरून उभी. "माह्या बंडीले तीन खेप तीन नंबर तूच देल्ला?"

"खाली वल्ला होता, दादा," ती म्हणाली. ऐकू येईल न येईल अशी.

चंपतरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. "होता," म्हणाले. आणि खाली बसले.

झालं! एवढंच! दीडशे माणसांत एकाची हरकत नाही. कोणीतरी मागून ओरडलं, "आमाले हेच पायजे! या पोराले कापूस दाखवनार नाई आमी!" मग सगळेच ओरडायला लागले. पांडुरंगराव ताडकन उठून जीपकडे गेले.

गोंधळात डोमाजी अजून माईकवर होता. "म्या ऐंशी साली दरखास्त देल्ली होती तिच्या नावानं. ऑफिसात देल्ली होती. हसले सारे. मंग आमी असं केलं."

ऑफिसात! म्हणजे कागद आहे!

२७ जानेवारी

शेठ रात्रभर झोपलेले नाहीत. सकाळी फाटकात एक बंडी आत येईना — "बाईले बोलवा." पांडुरंगरावांचा निरोप आलाय: भाच्याचं पत्र परत घेतलं तर त्यांच्या बंड्या दुसऱ्या जिनिंगला जातील.

मी शेठला म्हणालो, "पंचफुलाचा अर्ज खुशालच्या नऊ वर्षं आधीचा आहे. आधीचा अर्ज, आधीचा हक्क. पांडुरंगरावांना कागद दाखवा — तेही जुने माणूस, कागदापुढे बोलणार नाहीत."

शेठनं टेबलावर हात आपटला. "कागज लाओ. कागज मिला तो कल से वो ग्रेडर. और जिसने दबाया था — कोई भी हो — उसको पहले घर भेजूंगा. ये मेरा वचन है."

"तो वारला असावा," मी म्हणालो. माझी खात्री आहे, नागोराव! अर्ज दडपण्यात तो पटाईत. एकदा स्वतःच्या मेहुण्याचा दडपला होता.

दुपारी डोमाजीच्या घरी गेलो. बाजेवर बसलेला, शाल पायांवर. "काका, दरखास्त कोणाच्या हातात दिली होती? आठवा. नागोरावच ना?"

त्यानं आपली बोटं उलटसुलट करून बघितली. "आता ध्यानात नाई, बाप्पा. लय दिस झाले. नको शोधू."

मेलेल्या माणसाची एवढी भीड! पंचफुलाही तेच म्हणाली, "नका शोधू, भाऊ." काय लोक आहेत! हक्काचा कागद आणि म्हणतात नका शोधू. एकवीस वर्षं एकही कागद माझ्या हातून हरवलेला नाही. मी शोधणार. आणि ज्यानं त्या बाईला हसून नऊ वर्षं बंडीवर उभं ठेवलं, त्याचं नाव भर अंगणात वाचणार.

२९ जानेवारी, रविवार

सापडला. १९८० सालच्या आवक कागदांचं बंडल, सुतळी माझ्याच गाठीची.

अक्षर डोमाजीचं. वेडंवाकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या — बोटांना तेव्हाच लेखणी कळत नव्हती. 'माझी बोटे गेली. ही बाई माझ्यापेक्षा चांगली पारखते. माझी जागा हिला द्यावी.' खाली पंचफुलाचा अंगठा.

समासात लाल शाई.

'बोटे इतकी चांगली असतील तर बाईने भाकरी थापाव्यात. शेठजींस वाचून दाखविले, फार हसले. फाईल.'

सही माझी. अक्षर अतिशय सुरेख.

कागद शेठच्या टेबलावर ठेवून आलो.